एक मावा वेलीवर, एक मावा गालात

वसईजवळच्या निर्मळच्या आसपासच्या वाडीत वालाच्या वेलावर मावा पडला, की जुना बागाईतदार अजूनही एक घरगुती उपाय सांगतो. बाजारातून जाडीभरडी तंबाखू आणायची, रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी उकळून फडक्यातून गाळायची, त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवायचा आणि ते तपकिरी पाणी पंपात भरून वेलाच्या शेंड्यांवर मारायचे. कोवळ्या डिऱ्यांना चिकटून रस शोषणारे ते बारीक काळे-हिरवे किडे दुसऱ्या दिवशी वाळून गळालेले दिसतात. फवारताना नाकातोंडाला फडके बांधायचे, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे, आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवायचे, हेही तो बजावून सांगतो. सगळे सांगून झाले, की फडके सोडतो, कमरेची चंची काढतो, तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, नखाने चुना लावतो आणि मळायला लागतो.

महाराष्ट्रातल्या टपऱ्यांवर ‘मावा’ नावाचाच आणखी एक पदार्थ मिळतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून खसाखसा घासायचे, की झाला मावा. विदर्भात जवळपास याच प्रकाराला खर्रा म्हणतात. मराठीत किडीला आणि किडीला मारणाऱ्या पानाच्या मिश्रणाला एकच नाव पडावे, हा निव्वळ योगायोग आहे. पण निकोटीन समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही.

कारण निकोटीन हे मुळात कीटकनाशकच. तंबाखूचे रोप ते माणसाच्या करमणुकीसाठी तयार करत नाही. मुळांत बनवून वर पानांत साठवायचे आणि पान कुरतडायला येणाऱ्या किड्याच्या मज्जातंतूंवर घाव घालायचा, हा त्या रोपाचा स्वसंरक्षणाचा उद्योग. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात पोसेल्ट आणि रायमन या दोघांनी 1828 साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. नाव मिळाले ते झां निको या फ्रेंच राजदूतामुळे. 1560च्या सुमारास त्याने लिस्बनहून फ्रान्सच्या दरबारात तंबाखू पाठवली होती, औषध म्हणून! पुढे निकोटीन सल्फेट हे फवारणीचे औषध जगभर वापरले गेले. भारतात शेतीसाठी त्याच्या वापरावर आज बंदी आहे. पिकावर मारायला जे धोक्याचे ठरले, त्याच जातीचे रसायन गालात धरायला मात्र टपरीवर मोकळीक आहे.

आता पानाकडे वळू. वसई-पालघरच्या किनारपट्टीवर केळी, फुले आणि पानवेली यांचे जुने साम्राज्य. विड्याचे पान इथल्या वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पिकवले. देवापुढे विडा, लग्नात विडा, पैजेचा विडा, पाहुण्याला निरोप देताना विडा. या विड्यात तंबाखू नव्हती, कारण ती या देशातच नव्हती. पान, सुपारी, चुना, कात, लवंग, वेलदोडा एवढाच त्याचा संसार. संस्कृतातल्या ‘वीटिका’पासून विडा आला आणि विड्याचे धाकटे रूप म्हणून विडी. पानात काहीतरी गुंडाळण्याची सवय आपल्याकडे होतीच. गुंडाळायचा माल तेवढा बाहेरून आला. विडीसाठी पान मात्र वेलीचे नाही, तेंदूचे घ्यावे लागले. वाडीतल्या पानवेलीवर विडीचा आळ घालता येणार नाही.

माल कुठून आला, हे वसईला सांगायला नको. 1534 ते 1739 अशी दोनशे पाच वर्षे हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. अमेरिकेतली ही वनस्पती त्यांच्याच गलबतांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. ‘तंबाखू’ हा शब्द पोर्तुगीज ‘तबाकु’चा सख्खा भाऊ. अननस, काजू, बटाटा, पाव आणि चावी हे शब्दही त्याच वाटेने आपल्याकडे आले. यातली चावी लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

बंदरातून घाटावर जायला तंबाखूला फार वेळ लागला नाही. अकबराचा सरदार असद बेग 1604च्या सुमारास विजापूरहून परतला तो तंबाखू आणि जडावाची चिलीम घेऊन. बादशहाने कौतुकाने दोनचार झुरके घेतले, दरबारच्या हकिमाने विरोध केला आणि दोन्ही पक्षांत तिथेच वाद जुंपला. त्याच 1604 साली तिकडे इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली. जहांगीरने 1617 मध्ये धूम्रपानावर बंदी घातली. तिचा परिणाम काय झाला, ते आज आपण पाहतोच आहोत. तुकोबांच्या गाथेत तंबाखूच्या धुराला सडकून काढणारा अभंग सापडतो. म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे व्यसन देहू-इंद्रायणीच्या परिसरात इतके रुळले होते, की संताला त्यावर बोलावे लागले. आजही माळ घातलेला वारकरी बऱ्याच ठिकाणी दारू-मांसासोबत तंबाखूही सोडतो. त्या सोडण्याची गोष्ट शेवटी येईल.

आधी चावी. माणसाच्या मेंदूत असिटिलकोलिन नावाचा एक निरोप्या असतो. मज्जापेशींवर त्याच्यासाठी खास कुलपे बसवलेली असतात. निरोप्या येतो, कुलूप उघडते, निरोप पोचतो, दार बंद होते. निकोटीनचा रेणू योगायोगाने या कुलपात चपखल बसतो. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत तो फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचतो. शिरेतून टोचलेले इंजेक्शनही याहून लवकर पोचत नाही. तिथे जी कुलपे उघडतात त्यामुळे डोपामिन हे रसायन पाझरते आणि मन म्हणते, बरे वाटले. जेवण, स्तुती, नातवाचे हसू यांनीही हेच घडते, फक्त त्यांना इतक्या घाईने आणि दिवसातून वीस वेळा हे साधत नाही.

गंमत पुढे आहे. बाहेरची चावी सारखी फिरायला लागली, की मेंदू कुलपांची संख्या वाढवतो. निकोटीनचा रक्तातला अंमल साधारण दोन तासांत निम्म्यावर येतो. मग वाढलेली, रिकामी कुलपे कुरकुरू लागतात: चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष न लागणे, डोके जड. मराठीत याला नेमका शब्द आहे, तलफ. माणूस म्हणतो, विडी ओढली की डोके शांत होते. ते खरेच आहे. पण ज्या अशांततेवर ती उतारा देते, ती आधीच्या विडीनेच तयार केलेली असते. व्यसन किती मुरले आहे हे मोजायला डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते? पाच मिनिटांच्या आत असेल, तर मामला गंभीर. स्वीडनच्या फागरस्ट्रॉम यांच्या प्रश्नावलीतला हा सगळ्यात बोलका प्रश्न आहे. किती विड्या ओढता, याचे उत्तर लोक कमी करून सांगतात. पहिली केव्हा, याचे उत्तर सहसा खरे देतात.

धुराशिवायच्या तंबाखूचे गणित वेगळे आहे, आणि महाराष्ट्राचा खरा प्रश्न तिथेच आहे. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले जेमतेम 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. ऐकून हायसे वाटते. पण त्याच पाहणीत तंबाखू खाणारे, लावणारे, चघळणारे होते 24.4 टक्के. चारांत एक! ‘मी सिगारेट ओढत नाही हो’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मराठी माणसाच्या गालातली गोळी मोजायची राहून जाते.

ती गोळी काम कशी करते? तंबाखूत निकोटीन बहुतांशी क्षाररूपात बांधलेले असते आणि या रूपात ते गालाच्या अस्तरातून फारसे आत शिरत नाही. चुना हा अल्कधर्मी. तळहातावर तंबाखू मळताना ओलसर चुन्यामुळे निकोटीन त्या बांधणीतून सुटते, मोकळे होते आणि गालाच्या पातळ त्वचेतून रक्तात उतरते. अंगठ्याने दोन मिनिटे मळून वर तीन टाळ्या मारून भुकटी उडवणाऱ्या माणसाने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते, पण प्रयोग तो बिनचूक करतो. चुन्याशिवाय ‘चढत नाही’ हे त्याचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. चघळलेले निकोटीन धुराइतके झटकन चढत नाही. मात्र हळूहळू झिरपत राहते आणि रक्तातली पातळी बराच वेळ टिकते. रात्री गालात गोळी ठेवून झोपणारे लोक आहेत. त्यांच्या मेंदूला रात्रीचीही सुट्टी मिळत नाही.

मिश्रीची कथा आणखी वेगळी, कारण ती बहुधा बायकांची. तव्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजायची, थंड झाली की चुरायची, डबीत भरून ठेवायची. भाजतानाचा तो कडवट, घशात खवखवणारा वास ज्याने लहानपणी घेतला, तो विसरत नाही. पहाटे न्हाणीघराच्या पायरीवर बसून तर्जनीने दातांवर, हिरड्यांवर ती घासायची, थुंकायचे, मग चहा. पहिल्यांदा का लावली, असे विचारले तर उत्तर ठरलेले: दात दुखत होता, सासूने सांगितले. आणि का सोडत नाही? मिश्री लावल्याशिवाय कोठा साफ होत नाही. हे दुसरे उत्तर खोटे नाही. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतेच. पण वर्षानुवर्षे त्याच चाबकावर पळणारे आतडे चाबकाशिवाय पळायचे विसरते, हा भाग त्या उत्तरात नसतो.

मिश्रीला कुणी व्यसन मानत नाही. ती दंतमंजनात गणली जाते. बापापुढे विडी ओढायची नाही असा दंडक असलेल्या घरात आजी नातवंडांसमोर मिश्री लावते आणि कधी कधी नातीच्या बोटावरही चिमूट ठेवते. मुंबईतल्या 1,217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी केला. 2004 साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मिश्रीच जास्त चालत होती. त्यांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. 105 ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. ज्या घरात बाळ मुळातच दोन-अडीच किलोचे होते, तिथे तेवढ्याने पारडे फिरते.

पूर्वी या सगळ्यासोबत तपकीरही होती. चिमटीत धरून नाकपुडीत ओढायची, सटासट शिंकायचे आणि धोतराच्या सोग्याला नाक पुसायचे. शाळामास्तरांची ती जणू राजमुद्रा होती. ती आता जवळपास गेली. कुणी चळवळ केली नाही, कायदा केला नाही. ती फक्त जुनाट दिसू लागली. व्यसनाला घालवायचा हाही एक मार्ग आहे, आणि कदाचित सगळ्यात स्वस्त.

विडीचे असे झाले नाही. तेंदूच्या पानात जेमतेम दोन-अडीचशे मिलिग्रॅम तंबाखू, रंगीत दोऱ्याची गाठ, आणि ‘ही काय सिगारेट आहे? पाला आहे’ हा समज. तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे सच्छिद्र नसते. विडी आपोआप जळत राहत नाही, विझते. म्हणून ओढणारा जोरात आणि वारंवार ओढतो. एवढ्याशा तंबाखूतून सिगारेटच्या तोडीचे निकोटीन आणि भरपूर कार्बन मोनॉक्साइड छातीत जाते ते असे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. शिडी लावून नारळावर चढणारा माणूस अर्ध्यात दम खायला थांबू लागतो, त्याचे एक कारण हे.

धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला जन्म देणारी. श्वासनलिकेच्या आत केसांसारखी सूक्ष्म लव असते. कफ आणि धूळ वर ढकलून काढणे हे तिचे काम. धूर तिला लुळी पाडतो. सकाळचा तो खोल, घरभर ऐकू जाणारा ‘विडीचा खोकला’ म्हणजे रात्रभर अडकलेला कफ बाहेर काढण्याची धडपड. पुढे फुप्फुसांतले हवेचे बारीक फुगे फाटत जातात आणि ते पुन्हा शिवता येत नाहीत. रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गुठळ्या करायला आतुर होते. हृदयविकाराचा झटका, अर्धांगवायू, पायाच्या बोटांना रक्त न पोचून होणारा बर्गर रोग. या शेवटच्या रोगात अंगठा काळा पडतो आणि बोटे, कधी पाऊल कापावे लागते. रुग्ण बहुतेकदा तिशी-चाळिशीतला विडी ओढणारा पुरुष असतो. क्षयाने मरणाऱ्या भारतीय पुरुषांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे आहे, तेही याच हिशेबात धरायला हवे.

विडी सौम्य की सिगारेट, हा टपरीवरचा वाद अभ्यासकांनीही तपासून पाहिला. मुंबईत मतदार याद्यांवरून पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांची नोंद करून त्यांचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. तंबाखू न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्युदर 37 टक्क्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांचा 64 टक्क्यांनी जास्त निघाला. प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा 2008चा देशव्यापी अभ्यास थोडे वेगळे सांगतो: सिगारेट ओढणारा पुरुष सरासरी दहा वर्षे गमावतो, विडी ओढणारा सहा, आणि विडी ओढणारी स्त्री आठ. आकडे जुळत नाहीत, माणसे आणि पद्धती वेगळ्या होत्या. विडी निरुपद्रवी असल्याचे मात्र दोन्हींतून निघत नाही.

तंबाखू आणि कर्करोग यांचे नाते जगाला 1950 साली इंग्लंडच्या डॉल आणि हिल यांनी दाखवले, असे पुस्तकांत असते. ते फुप्फुसांपुरते बरोबर आहे. तोंडाच्या कर्करोगाचा धागा मात्र परळमध्ये आधीच हाताला लागला होता. 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळेत वसंत रामजी खानोलकर हे मराठी विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकावर बसले. युरोपातल्या पुस्तकांत जो कर्करोग दुर्मीळ, तो इथे रांगा लावून येत होता: गालाच्या आतल्या बाजूचा, जिभेचा, घशाचा. खानोलकरांनी आजारासोबत माणसाची जात-जमात, गाव, जेवण, पान, विडी असे सगळे विचारायला सुरुवात केली. संघवी, राव आणि खानोलकर यांचा 1955चा निबंध धूम्रपान आणि तंबाखू चघळणे यांचा तोंडा-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांत मांडतो. गोळी जिथे दबा धरून बसते तिथे एक रोग, धूर जिथून जातो तिथे दुसरा. पुढे फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 खेडुतांची तोंडे तपासली; 1972 साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. लाखभर लोकांना ‘आ’ करायला लावणे हे सोपे काम नव्हे.

आजही तपासणी शिबिरात पहिली कसोटी तीच असते, आणि ती घरी आरशासमोर करता येते. तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहायची. जात नसतील, तर जबड्याच्या आत काहीतरी आवळत चालले आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी घट्ट होते आणि तोंड मिटत जाते. आधी तिखट सोसत नाही, मग वडापाव मोडून खावा लागतो, मग चमचा आत जाईना. सोबत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम असेल, तर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त वाट पाहू नये. नुसती सुपारीही यात निर्दोष नाही; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तिला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. लग्नाच्या विड्यातला एक घटक असा आरोपीच्या पिंजऱ्यात गेला, हे कुणालाच आवडत नाही. पण आहे ते असे.

महाराष्ट्राला हा रोग सगळ्यात जवळून दिसला तो 16 फेब्रुवारी 2015 रोजी. आर. आर. पाटील, सगळ्यांचे ‘आबा’, लीलावती रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाने गेले. वय 57. याच माणसाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून राज्यभरच्या गावांना झाडू धरायला लावला होता. त्यांची तंबाखूची सवय लपलेली नव्हती. शरद पवारांवर 2004 साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ते जाहीर सभांतून तंबाखू-गुटख्याविरुद्ध स्वतःचे उदाहरण देत आले आहेत. ज्याला इतके कळते, ज्याच्याभोवती डॉक्टर आहेत, त्यालाही ते वेळेवर सोडता येत नाही. म्हणूनच ‘मनाचा निश्चय हवा’ हा सल्ला निकोटीनपुढे फार तोकडा पडतो.

कायदा मागे राहिला असे म्हणता येणार नाही. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालये, शाळा, न्यायालये, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितले. विरार लोकलच्या डब्यातला धूर त्यानंतरच्या वर्षांत गेला, आणि आज तो होता हे तरुणांना सांगावे लागते. 2003चा तंबाखू नियंत्रण कायदा आला. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे कडक नियम आले. शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला मनाई झाली. महाराष्ट्राने 2002 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती न्यायालयात टिकली नाही. 2012 पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली दरवर्षी नव्याने आदेश निघतो. गुटखा बंद झाला आणि एका पुडीच्या दोन झाल्या: एक पानमसाल्याची, एक तंबाखूची, शेजारी शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाईक दोन्ही फोडून एकत्र करतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग पालघर जिल्ह्यातूनच जातो, त्यामुळे गुटख्याचा टेम्पो पकडल्याची बातमी इथल्या वाचकाला पावसाच्या बातमीइतकी सवयीची आहे.

बंदीच्या दुसऱ्या बाजूला पोट आहे, हेही नोंदवायला हवे. सीमाभागातल्या निपाणीला 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग रोखला. 6 एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी मेले. सोलापूरच्या बायका आजही मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळतात. ती धूळ त्यांच्या छातीत जाते आणि निकोटीन बोटांतून. विडी न ओढताही हा धंदा त्यांच्या अंगात भिनतो. या बायकांना दुसरे काम देण्याची भाषा प्रत्येक सरकारने केली आहे.

आता सोडण्याविषयी. तलफ ही लाटेसारखी असते. एक लाट सहसा काही मिनिटांत ओसरते. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. दोन ते चार आठवड्यांत चिडचिड, झोपमोड बरीच निवळते. वाढलेली कुलपे मेंदूतून कमी व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. हे आकडे निर्मळच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहावेत. तळ्याकाठी, शंकराचार्यांच्या मंदिराच्या टेकडीजवळ कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते. त्याआधीचा चातुर्मास म्हणजे चार महिने. कुणी कांदा-लसूण सोडतो, कुणी वांगे. त्याच गावातल्या होली क्रॉस चर्चचे भाविक राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. विडी, तंबाखू सोडायला दोन्ही मुदती वैद्यकशास्त्राने आखून द्याव्यात इतक्या चोख आहेत. नवस करणारा तीन दिवसांची घाटी, तीन आठवड्यांची चढण देवाच्या नावाने पार करतो. आणि मग ईस्टरच्या किंवा चातुर्मास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा शरीराची गरज खरे म्हणजे बरीच ओसरलेली असते, तेव्हा ‘व्रत संपले’ म्हणून पहिली पेटवतो. चाळिसाव्या दिवशी उद्यापन करण्याऐवजी ऐंशीव्या दिवशी करावे, एवढीच दुरुस्ती सुचवावीशी वाटते.

ज्याला नुसत्या व्रताने जमत नाही, त्याला औषधांचा आधार आहे. निकोटीनचा च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळतो. स्वीडनमध्ये पाणबुडीतल्या खलाशांना धूर न काढता तलफ कशी भागवावी, या अडचणीतून तो जन्मला. चघळायचा, जिभेला झिणझिणले की गालात ठेवून द्यायचा. म्हणजे तंबाखूच्या गोळीसारखाच, फक्त कर्करोगाचा माल वगळून. त्यातही निकोटीन मोकळे व्हावे म्हणून अल्कधर्मी द्रव्य घातलेले असते. चुन्याचेच काम! याशिवाय पट्ट्या आहेत, डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्या आहेत. ई-सिगारेट हा त्यांतला मार्ग नाही. 2019 पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आहे.

उशीर झाला, असे वाटणाऱ्यांसाठी डॉल यांनी इंग्लंडच्या डॉक्टरांवर पन्नास वर्षे केलेल्या पाहणीचे उत्तर आहे. तिशीत सोडले तर गमावायची दहाच्या दहा वर्षे वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीतही तीन.

सोडताना कुणाशी तरी बोलायचे असेल, तर सरकारचा मोफत क्रमांक आहे: 1800-11-2356. मराठीतही बोलता येते. सिगारेटच्या पाकिटावर, विडीच्या कट्ट्यावर, तंबाखूच्या पुडीवर तो छापलेला असतो. टपरीवर घासून दिलेल्या माव्यावर आणि घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीच्या डबीवर मात्र तो नसतो, म्हणून इथे दिला आहे. आजीच्या डबीवर चिकटवून ठेवावा.